चामड्याचा हिशेब कुणी द्यायचा?

प्राडा या फॅशन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून उठलेली धूळ खाली बसली आणि आपल्याकडे दोन सल्ले फुकट मिळू लागले. पहिला असा, की चामड्याचा धंदा मुळातच हिंसक आणि नद्या मारणारा, तेव्हा शहाण्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये, ‘व्हीगन लेदर’ घ्यावं. दुसरा अगदी उलट: आपली कोल्हापुरी पिढ्यान्‌पिढ्यांची, झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याची, त्यात आता तिला क्यूआर कोडही लागलाय, तेव्हा पर्यावरणाचं प्रवचन आम्हाला नको. हे दोन्ही पक्ष एकमेकांना पाण्यात पाहतात. माझी तक्रार मात्र दोघांविरुद्ध आहे आणि ती एकच आहे. हिशेब मागायचा तो जिथे खरी उलाढाल होते तिथे. हे दोघंही सोयीच्या पानावर बोट ठेवून वही मिटतात.

पहिल्या पक्षाचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण त्यात दम आहे. तमिळनाडूत पालार नदीच्या काठानं वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट अशी चामडं कमावणाऱ्या कारखान्यांची रांगच आहे. त्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं ओढ्यांत, शेतांत, नदीत गेलं. वेल्लोरच्या नागरिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २८ ऑगस्ट १९९६ ला न्या. कुलदीप सिंग यांच्या पीठानं निकाल दिला. या कारखान्यांच्या पट्ट्यातली जवळपास ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णपणे नापीक झाल्याची नोंद त्या निकालात आहे. प्रदूषण करणाऱ्यानंच त्याची किंमत मोजायची, हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग आहे असं न्यायालयानं ठामपणे सांगितलं ते याच खटल्यात. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल तोंडपाठ असतो. पालारकाठच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग किती झाला, ते ३० जानेवारी २०२५ ला कळलं: त्याच न्यायालयाला त्याच नदीबद्दल पुन्हा निकाल द्यावा लागला, भरपाई द्या आणि ती कारखानदारांकडून वसूल करा, असं राज्य सरकारला पुन्हा बजावावं लागलं. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली होती.

राणीपेटलाच ३१ जानेवारी २०१५ ला, मध्यरात्र उलटल्यावर, सांडपाण्याच्या गाळाची टाकी फुटली आणि शेजारच्या कारखान्यात झोपलेले दहा कामगार त्या गाळाखाली मेले. गंगेच्या काठी कानपूरच्या जाजमऊमध्ये कारखान्यांचं आणि शहराचं पाणी एकत्र शुद्ध करणारा प्रकल्प १९९४ पासून आहे. तिथून निघालेलं पाणी आसपासच्या गावांच्या शेतीला सोडलं गेलं आणि त्या गावांनी ते पुरतं भोगलं. ‘चामडं स्वच्छ असतं’ असं जो म्हणेल त्याला या गावांतून एक फेरी मारून आणावं. इथवर मी पहिल्या पक्षाच्या बाजूनं आहे.

पण घाण नेमकी कशानं होते, हा प्रश्न आला की हा पक्ष घाईला येतो. जनावराचं ओलं कातडं काही तासांत नासू लागतं, म्हणून ते मिठात घालतात. कारखान्यात आलं की आधी हे मीठ धुवायचं. मग चुना आणि सोडियम सल्फाइड लावून केस काढायचे, आतलं मांस तासायचं, आणि त्यानंतर खरं कमावणं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारात कमावलं जातं, कारण झाडाच्या सालीला जिथे महिना लागतो तिथे क्रोमियमचं काम दिवसाभरात होतं आणि चामडं मऊ, हलकं, हवा तो रंग धरणारं मिळतं. पण साध्या पद्धतीत घातलेल्या क्रोमियमपैकी साधारण एक तृतीयांश कातड्यात मुरतच नाही, पाण्याबरोबर बाहेर पडतं. एक किलो कातड्यामागे तीस-चाळीस लिटर पाणी, आणि हजार किलो कच्च्या कातड्यातून तयार चामडं निघतं ते दोन-अडीचशे किलो. उरलेलं सगळं कुठेतरी जातंच.

यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बदनामी क्रोमियमची झाली, पण पालारकाठच्या विहिरी खाऱ्या केल्या त्या साध्या मिठानं. क्रोमियम पाण्यातून परत मिळवता येतं, ते पुन्हा वापरता येतं, आणि चांगले कारखाने ते करतातही. मीठ असं हाती लागत नाही. त्यासाठी पाणी बारीक पडद्यांतून दाबून काढावं लागतं, उरलेलं आटवावं लागतं, त्याला वीज लागते, पैसा लागतो. शेवटी मिठाचे ढीग उरतात ते उरतातच. म्हणजे प्रश्न पैशाचा आणि देखरेखीचा आहे. तंत्र माहीत आहे, कायदा आहे, निकाल आहेत. नळ कुणाच्या आवारात उघडा राहतो आणि तपासनीस कुणाच्या आवारात जात नाही, एवढंच उरतं. अशा वेळी चामडं या वस्तूलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चोराला हे फारच सोयीचं पडतं.

आता त्यांनी सुचवलेला पर्याय. ‘व्हीगन लेदर’ म्हणून दुकानात मिळणारा बहुतेक माल म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथिन नाहीतर पीव्हीसीचा लेप. स्कूटरच्या सीटवर, एसटीच्या बाकांवर, शाळेच्या दप्तरांवर आपण ज्याला आयुष्यभर रेक्झीन म्हणत आलो तोच हा माल, फक्त नाव बदलून, मॉलमध्ये, चौपट किमतीला. दोन-चार पावसाळे गेले की दमट हवेत त्याचा लेप उकलतो. पिशवीच्या दुमडीवर आधी बारीक भेगा, मग नखाएवढे पापुद्रे सुटून खांद्यावर आणि सदऱ्यावर चिकटायला लागतात, खालचं पांढरं कापड डोकावू लागतं. ही वस्तू कुठलाही मोची दुरुस्त करू शकत नाही. तिला टाके घालता येत नाहीत, तेल लावून जिवंत करता येत नाही. ती कचऱ्यात जाते आणि कचऱ्यातही कुजत नाही, तिचा बारीक चुरा होत जातो. नदी वाचवायला निघालेला माणूस समुद्रात प्लॅस्टिक टाकून घरी आला, तर त्याला आगीतून फुफाट्यात म्हणतात.

यावर उत्तर येतं की आता अननसाच्या पानांचं, निवडुंगाचं, आंब्याचं लेदर आलंय. कल्पना सुंदर आहेत आणि काही प्रयोगांबद्दल मला मनापासून कुतूहल आहे. कानपुरातच, चामड्याच्या त्याच शहरात, देवळांतल्या निर्माल्याच्या फुलांपासून चामड्यासारखा पदार्थ करण्याचं काम चालू आहे. पण बाजारात टिकण्यासाठी यातल्या बऱ्याच मालावर शेवटी प्लॅस्टिकचाच लेप चढवावा लागतो, आणि त्याची जाहिरात अननसाच्या चित्रानिशी होते, लेपाच्या नाही. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या फिल्क संस्थेनं २०२१ मध्ये असे पर्याय आणि चामडं शेजारी ठेवून तपासले. कणखरपणा, वाकणं, ओल सोसणं या सगळ्या कसोट्यांवर एकाच वेळी चामड्याची बरोबरी एकालाही करता आली नाही. मला इथे चामड्याची आरती ओवाळायची नाही. माझा मुद्दा एवढाच, की चामड्याकडून नदीचा हिशेब मागणारा माणूस या लेपाकडून काहीच मागत नाही. पॉलियुरेथिनचा लेप चढवताना डायमिथिल फॉर्मामाइड नावाचं घातक द्रावण सर्रास वापरतात. ते कुठल्या कारखान्यात, कुणाच्या नाकासमोर? पिशवीवर लिहिलेलं असतं: ‘प्राण्यांवर दया’.

प्राण्यांचा विषय निघालाच आहे तर तोही पुरता बोलू. ज्याला तत्त्वतः जनावराचं काहीच वापरायचं नाही त्याच्याशी माझं भांडण नाही. ती त्याची श्रद्धा आहे आणि तो ती पाळतो. पण ‘चामडं सोडलं की जनावर वाचतं’ हे गणित चुकीचं आहे. जनावर मांसासाठी आणि दुधासाठी पाळलं जातं, कातडं त्याच्या किमतीचा लहानसा वाटा. अमेरिकेत भाव पडले तेव्हा लाखो कातडी चक्क जमिनीत पुरली गेली, कत्तलखाने मात्र चालूच होते. उलट बाजूनं ‘चामडं तर उपउत्पादन, त्याच्यावर कसला भार’ म्हणणाऱ्या कारखानदारांचंही मी ऐकणार नाही. ज्याची विक्री होते, ज्यातून नफा मिळतो, त्याच्या वाट्याचा भार त्यानं उचलायलाच हवा. ब्राझीलमध्ये जंगल तोडून उभ्या राहिलेल्या गुरांच्या कुरणांतून निघालेलं कातडं इटलीच्या कारखान्यात पोचेपर्यंत निष्पाप होत नाही.

आणि आपल्याकडे तर तिसराच प्रकार होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी १९३० च्या दशकात चर्मालय चालवलं. म्हातारं होऊन किंवा आजारानं मेलेल्या जनावराचं कातडं कमावायचं, आणि ते तसंच सांगून विकायचं. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी जन्मजात सोवळेपणा बाजूला ठेवून मेलेली गुरं सोलण्याचं काम स्वतः शिकून घेतलं आणि कणकवलीच्या गोपुरीत हा उद्योग बसवण्याचा प्रयत्न केला. कातडं कुठून आलं हे गिऱ्हाइकाला सांगायचं आणि तेच त्याच्या खरेदीचं कारण व्हायचं. आज ज्याला परदेशी सल्लागार भरमसाट फी घेऊन ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणून शिकवतात, ते वर्ध्यात खादीच्या जोडीनं चालू होतं.

इथे दुसरा पक्ष खूश होऊन मान डोलावेल, म्हणून लगेच त्याच्याकडे वळतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर या आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडानं तसल्याच चपला नुसत्या ‘लेदर सँडल’ म्हणून दाखवल्या, ओरड झाली, कंपनीनं प्रेरणा कबूल केली. त्याच वर्षी क्यूआर कोड आला. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २,००० जोड इथे बनवून सुमारे ८०० युरोंना विकायचं ठरलं. कारागिराचं नाव मोठं झालं, हे चांगलंच झालं. माझा आक्षेप त्यानंतरच्या समाधानाला आहे.

क्यूआर कोड चपलेवर आहे, तो सांगतो कारागीर कोण, गाव कुठलं, चप्पल बनवली कशी. चामड्याबद्दल काय? ते झाडाच्या सालीत कमावलेलं की क्रोमियममध्ये, कुठल्या गावी, कुणी, आणि त्याचं पाणी कुठे गेलं, हे कारागिराला विचारून कळणार नाही. तो चामडं विकत आणतो. आज कोल्हापुरात तमिळनाडूतून आलेलं चामडंही वापरलं जातं, म्हणजे पालारचा प्रश्न आपल्या पायताणापर्यंत पोचू शकतो.

जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येत नाही. चुन्याच्या कुंडातून काढून, केस खरवडून, स्वच्छ केलेलं म्हशीचं आख्खं कातडं कडेनं शिवून त्याची पिशवी करतात. ती लाकडाला उलटी टांगतात आणि तोंडातून आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरतात. पिशवी फुगते, चिंब होते, तिच्या रंध्रांतून तांबूस पाणी थेंब थेंब खालच्या भांड्यात पाझरतं, आणि तेच पाणी पुन्हा आत ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी करून दुसरं टोक वर घ्यायचं, म्हणजे सगळीकडून सारखा रस मुरेल. जाड, ताठ, लाकडाच्या रंगाचं हे चामडं हातात घेतलं की त्याला साल आणि मातीचा वास येतो, आणि त्याच्या तळाची चप्पल पहिले काही दिवस पाय सोलून काढते. मग ती पायाची होते.

पण हीच रीत सांगून ‘आमचं सगळं नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांनी तिचं पाणीही पाहावं. साल आणि हिरड्याच्या अर्कात क्रोमियम नाही हे खरं. मीठ तेच, चुना तोच, आणि ते काळं-तांबडं पाणी ओढ्यात सोडलं तर त्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. दहा घरांच्या वस्तीत ते खपून जातं. उद्या साऱ्या जगाचं चामडं सालीत कमावायचं ठरवलं तर एवढ्या बाभळी कुठून आणणार? नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज दोन्ही पक्षांचा सारखाच आवडता आहे, मला तो दोन्हीकडे खटकतो.

आणि ते कुंड ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ढवळलं ते लोक कुठे आहेत? चप्पल शिवणाऱ्याचा फोटो निदान पोस्टरवर आला. चामडं कमावणारा ढोर समाज कुठल्याच पोस्टरवर नाही. गाव त्याच्याकडून चामडं घेत होतं आणि त्याच्या सावलीपासून दूर राहत होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेली गुरं ओढायचं काम सोडायला सांगितलं ते उगाच नव्हे. जे काम जातीनं लादलं जातं त्यात किती कौशल्य आहे याचं कौतुक, ज्याला ते काम कधी करायचं नाही, त्याच्या तोंडी शोभत नाही. नालवाडी आणि गोपुरीबद्दल मला आदर आहे, तरी हेही खरं की तिथले बरेच कार्यकर्ते हे काम निवडून करत होते, आणि शेजारच्या वाड्यातल्या माणसाला ते निवडायची मुभाच नव्हती. आज कोल्हापुरात जुन्या पद्धतीनं कमावणारी मुलं कमी होत चालली आहेत याचा गळा काढायच्या आधी विचारावं की त्यांना त्या कुंडात उतरण्याचे किती पैसे मिळत होते. ८०० युरोंपैकी कमावणाऱ्याच्या हाती किती पडतात? पारदर्शकता म्हणायची तर हा आकडा कोडवर पहिला हवा.

यापेक्षाही अवघड गाठ पुढे आहे. कातडं कुठून आलं ते सांगा, असं आपण सहज म्हणतो. सांगणाऱ्याचं काय होतं? ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी उघड्यावर मारहाण केली. नंतर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली गुरं जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर आणून टाकली आणि म्हटलं, आता तुम्हीच उचला. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यातून वगळली आहे, तरी म्हशीचं कातडं भरलेल्या गाडीच्या चालकाला रात्री अडवणारा जमाव प्राणिशास्त्राचं पुस्तक घेऊन उभा नसतो. अशा देशात कातड्याचा उगम लिहून काढणं हे अनेकांसाठी स्वतःच्या विरुद्धची फिर्याद स्वतःच लिहून देणं आहे. मग माल दोन-तीन हातांतून फिरतो, बिलावर नुसतं ‘हाइड’ येतं, आणि सगळे कानावर हात ठेवतात. युरोपातला ग्राहक याला ‘अपारदर्शक पुरवठा साखळी’ म्हणतो. ती अपारदर्शक ठेवण्यातच इथल्या माणसाचा जीव सुरक्षित आहे, हे त्याच्या अहवालात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, हिशेबाचं ओझं उलट्या दिशेनं उतरवा. आजची पद्धत अशी, की जो सगळ्यात दुबळा त्याच्याकडून सगळ्यात जास्त कागद मागायचे. लेदर वर्किंग ग्रुप ही २००५ मध्ये मोठ्या ब्रँडांनी आणि कारखान्यांनी मिळून काढलेली संस्था कारखान्यांना सोनं, चांदी, कांस्य अशी पदकं देते. तिच्यामुळे पाणी आणि वीज मोजायची सवय लागली, हे नाकारत नाही. पण ती मुख्यतः कारखाना तपासते. गुरं कुठे चरली आणि सोलणाऱ्याला मजुरी किती मिळाली, इथे तिचा हात आखडतो. युरोपीय संघानं २०२३ च्या जंगलतोडीविरोधी कायद्यात गुरांची कातडी आणि चामडं घातलं, आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या ओरड्यानंतर अंमलबजावणी पुढे ढकलत राहिला. मोठ्यांना मुदतवाढ मिळते. कोल्हापुरातल्या दोन खोल्यांच्या कारखानदाराकडे क्यूआर कोड लगेच पोचतो.

पारदर्शकतेची सुरुवात सगळ्यात मोठ्या खरेदीदारापासून आणि सगळ्यात मोठ्या नळापासून करावी. ब्रँडनं सांगावं की कोणत्या कारखान्याचं चामडं घेतलं, ते कशात कमावलं, एका जोडामागे कमावणाऱ्याला आणि शिवणाऱ्याला काय दिलं. कारखान्याच्या सांडपाण्याचे, त्यातल्या क्रोमियमचे आणि मिठाचेही, आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फायलीत न राहता दारावर मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत लावलेले असावेत, शेजारच्या शेतकऱ्याला वाचता येतील असे. ‘व्हीगन’वाल्यांनाही हाच नियम: लेप कशाचा आणि टाकल्यावर त्याचं काय होतं, हे अननसाच्या चित्राइतक्या मोठ्या अक्षरात. सोलणाऱ्याच्या आणि वाहतूकदाराच्या सुरक्षेची हमी सरकारनं आधी द्यावी, कातड्याच्या उगमाचा कागद त्यानंतर मागावा.

‘हे सगळं वाचतो कोण?’ असा शेवटचा आक्षेप नेहमी येतो, आणि गिऱ्हाईक वाचणार नाही हे खरंच आहे. पण चामड्याच्या धंद्याचा इतिहास वेगळं सांगतो. १९८९-९० च्या सुमारास जर्मनीनं पेंटाक्लोरोफेनॉल या बुरशीनाशकावर बंदी घातली आणि भारतातून जाणारा माल अडू लागला. कारखानदार म्हणाले, धंदा बुडाला. काही वर्षांत त्यांनी दुसरं बुरशीनाशक शोधलं. १९९४ मध्ये जर्मनीनं काही अॅझो रंग बंद केले. १९९७ मध्ये भारत सरकारनं इथेही सत्तर अॅझो रंगांवर बंदी आणली. १ मे २०१५ पासून युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि तिकडे माल पाठवणारे कारखाने आता प्रयोगशाळेचा दाखला जोडतात. यातली एकही सुधारणा कुठल्या सजग ग्राहकानं लेबल वाचून घडवली नाही. बंदरात माल अडला म्हणून ती झाली. युरोपच्या पायांसाठी हे जमतं. त्याच कारखान्यांतून कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये, मुंबईच्या धारावीत किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर येणाऱ्या मालाला तोच दाखला जोडायला कुणाची हरकत आहे, हे चर्मोद्योग महामंडळांनी पुढच्या करारावर सही करण्याआधी सांगावं.